हिंगाची डबी

“गोळ्या द्यायच्या त द्या न् मोकळं करा म्हना. हे काय नवीन खूळ? बसवून बसवून इचारतात, झोप येते का, भूक लागते का, रडू येते का. सोयरीक जमवून राह्यले का काय आपल्याशी?”

आशाबाईंची ही कुरकूर दामिनीच्या कानापासून चार बोटांवर चालली होती. दुसरीकडे जायला तिला जागाच नव्हती. अकोल्याच्या त्या दवाखान्यातला बाक तिघींच्या बेताचा, आणि त्यावर पाच जणी बसलेल्या. पाचही जणींनी एकमेकींकडे न बघण्याची सवय लावून घेतलेली. इथे ओळख निघाली तर दोघींचंही नुकसान, हे सगळ्यांना पाठ होतं.

“चूप बसा ना बाई,” दामिनी म्हणाली.

“चूपच त बसली बारा वर्सं. आता बोलू दे थोडं.”

बारा वर्षं ही गोष्ट खरी होती. आशाबाई थोरली जाऊ, दामिनी धाकटी. दामिनीचा नवरा किशोर गेला त्याला बारा वर्षं झाली, आणि जाताना तो आपला आजार हिच्याकडे ठेवून गेला. गाव वलगाव. तिथून अमरावती हाकेच्या अंतरावर आणि याच गोळ्या तिथेही फुकट मिळतात. पण अमरावतीच्या दवाखान्यात कधीही जा, अर्धं वलगाव हजर. कोणाचा ताप, कोणाची सून बाळंत, कोणी नुसतंच कोणाला बघायला आलेलं. त्या एका खिडकीपुढच्या रांगेत उभं दिसलं की संध्याकाळच्या आत पारावर वाचन सुरू. म्हणून या दोघी वलगावहून अमरावती, तिथून बडनेरा, आणि बडनेऱ्याहून रेल्वेनं मूर्तिजापूरवरून अकोला, अशी वरात काढायच्या. गावाला सांगितलं होतं की अकोल्याला आशाबाईंच्या गुडघ्याचा डॉक्टर आहे. त्यासाठी आशाबाई घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंत लंगडत जायच्या आणि बडनेऱ्याला गाडीत बसल्या की बऱ्या व्हायच्या. गेल्या दोन वर्षांत गुडघा खरंच दुखायला लागला होता. “खोटं बोलून बोलून खरं केलं पाय मी,” असं त्या म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

अशी ही बाई होती. किशोरच्या तेराव्याला, नुसत्या कुजबुजीवरून, आळीतल्या बायका दामिनीच्या पंगतीपासून वीतभर सरकून बसल्या, तेव्हा आशाबाई सगळ्यांदेखत येऊन तिच्या शेजारी टेकल्या आणि तिच्याच ताटातला भात कालवून खाल्ला. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, मग पाणीही तिच्याच गडव्यातलं प्याल्या. दामिनीचे सख्खे भाऊ त्या दिवशी जेवण न करताच गाडी गाठायला निघून गेले होते. तेव्हापासून दामिनीला आई म्हणा, बाप म्हणा, देव म्हणा, सगळं या एका बाईपुरतं उरलं होतं.

गोळ्यांचा सगळा कारभारही आशाबाईंकडेच. परतीच्या वाटेवर बडनेऱ्याच्या फलाटावर, पाठ भिंतीला लावून, त्या डब्यांवरची लेबलं नखानं खरवडायच्या, डबे टाकून द्यायच्या आणि गोळ्या हिंगाच्या जुन्या डबीत भरायच्या. हिंगाच्या डबीत कोणी उगाच नाक खुपसत नाही, हा त्यांचा शोध. बारा वर्षं दामिनीनं खाल्लेल्या प्रत्येक गोळीला हिंगाचा वास होता. रात्री जेवण झालं की आशाबाई वाटीत गोळी काढून समोर ठेवायच्या, ती गिळेपर्यंत उभ्या राहायच्या. म्हणून रक्ताचा रिपोर्ट दरवेळी नंबर एक. विषाणू सापडतच नाही, असा.

पण गेल्या दिवाळीपासून दामिनीचंच काही सापडत नव्हतं. शाळेचे गणवेश शिवणारी बाई ती. एका दिवसात आठ शर्ट काढायची. दिवाळीनंतर मशिनीवर जे फडकं पडलं ते तसंच. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार यायचा तो उघडले याच गोष्टीबद्दलच्या कंटाळ्याचा. वेणी घालायला हात वर नेला की मध्येच विसरायची आणि हात तसाच डोक्यावर राहायचा. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायला शब्द लागतात, आणि शब्द गोळा करायचं म्हणजे पुन्हा काम.

म्हणूनच जानेवारीच्या त्या दिवशी समुपदेशनाच्या खोलीत माधवी मॅडमनी कागद पुढे ओढला, तेव्हा दामिनीला आधी भीतीच वाटली.

“नऊ प्रश्न आहेत, दामिनीताई. आता सगळ्यांनाच विचारतो आम्ही. गेल्या पंधरा दिवसांत काय काय झालं तेवढं सांगायचं. पहिला. कशात मन लागत नाही, असं होतं?”

“लागते ना,” आशाबाई म्हणाल्या. “टीव्ही पाह्यते.”

“त्यांना बोलू द्या हो. मन लागतं का, ताई?”

दामिनीनं मान हलवली. नाही. झोप? नाही. थकवा? हो. भूक? “दोन पोळ्या खाते,” आशाबाई म्हणाल्या, “मी मोजून टाकतो ताटात.” दामिनी म्हणाली, “खातो मी. पण लागत नाई.” असं करत करत आठ प्रश्न झाले. नवव्याला माधवी मॅडमनी पेन खाली ठेवलं. आवाज जरा खाली आणला.

“यापेक्षा मेलेलं बरं, असं कधी मनात येतं?”

“छट!” आशाबाई खुर्चीतून उठल्याच. “शुभ बोला वो मॅडम. दिवेलागणीची येळ नसली म्हनून काय झालं! तसं काई नाई. आमच्या घरी काय कमी हाये तिले?”

मॅडमनी दामिनीकडे पाहिलं. दामिनी भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडे पाहत होती. तिच्याकडे उत्तर होतं. पण ते आशाबाईंच्या देखत म्हणायचं म्हणजे त्या तेराव्याच्या ताटात थुंकल्यासारखं झालं असतं. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि आत डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी बारीक पांढरी गोळी लिहून दिली. रोज सकाळी, चहानाश्त्यानंतर. “तीन-चार आठवडे लागतील गुण यायला,” ते म्हणाले. “धीर धरायचा, मधेच सोडायची नाही. ही रक्ताची नाही, मनाची आहे; पण मिळेल याच खिडकीत, त्याच दिवशी. वर जायचं काम नाही.”

वर म्हणजे दुसरा मजला. पूर्वी असं काही दिसलं की वरच्या मजल्यावर पाठवायचे आणि जिन्याच्या तोंडाशीच ठळक पाटी होती, मानसोपचार. त्या पाटीखालून जिना चढण्यापेक्षा लोक सरळ बाहेरचा रस्ता धरायचे. इथे बसलेल्यांना एक लाज पुरेशी होती, दुसरी उचलायला हात रिकामा नव्हता. आता तो जिना वगळला होता. दामिनीला त्या दिवशी, दिवाळीनंतर पहिल्यांदा, थोडंसं बरं वाटलं. गोळी न खाताच. कोणीतरी विचारलं होतं.

आठ दिवसांनी बाळापूरचे पाहुणे आले. आशाबाईंची मुलगी अपेक्षा, तिला बघायला. मुलगा बँकेत, एकुलता एक. मुलीनं पोहे दिले, हळू आवाजात शिक्षण सांगितलं, सगळं रीतीनं झालं. मग मुलाची मावशी पार्वताबाई, जिच्या हातात त्या घराचा खरा कारभार असावा असं तिच्या बसण्यावरूनच दिसत होतं, पदर सावरून म्हणाली, “आता एक इचारतो, राग नका मानू. घरात कोणाले कोड-बिड? झटके? डोक्याचं-गिक्याचं कोणाले काही? आमी एका ठिकानी फसलो हावो म्हनून इचारून राह्यलो.”

दामिनी स्वयंपाकघराच्या दाराआड चहा गाळत होती. बाहेर आशाबाईंच्या बांगड्या वाजल्या. भिंतीवर गजानन महाराजांचा फोटो होता, त्याच्या चौकटीवर त्यांनी हात ठेवला असणार.

“महाराजासमोर सांगतो. ह्या घरात डोक्याच्या गोळ्या खानारं कोनी नाई.”

दामिनीला वाईटसुद्धा वाटलं नाही. पोरीच्या सोयरिकीत आपण असतो तर आपणही हेच सांगितलं असतं, असं तिच्या मनात आलं. जराशी गंमतही वाटली. दुसऱ्या आजाराचं कोणी विचारलंच नव्हतं. पार्वताबाईंच्या यादीत तो नव्हता.

बाळापूरचा होकार आला.

फेब्रुवारीत दोघी पुन्हा अकोल्याला गेल्या. मॅडमनी तेच नऊ प्रश्न विचारले आणि नवव्याला आशाबाईंनी तेच “छट” म्हटलं. उत्तरांच्या बेरजेचा आकडा तिळभर हलला नव्हता. डॉक्टरांनी हनुवटी खाजवली आणि एकाच्या दोन गोळ्या केल्या. परतताना गाडीत दामिनीनं खिडकीच्या गजाला कपाळ टेकवलं. बाहेर हरभऱ्याची शेतं मागे पळत होती. तिनं हिशेब केला तो एवढाच: विषाणूवर गोळी चालली, आपल्यावर चालत नाही. म्हणजे विषाणू बरा होता, आपणच नाही. इतक्या मोठ्या डॉक्टरांची गोळी ज्याला लागू पडत नाही त्याचं पुढे काय करायचं असतं, ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती. त्या महिन्यात तिनं कपाट आवरलं. स्वतःच्या चांगल्या साड्या घडी करून एका बाजूला ठेवल्या आणि अपेक्षाला म्हणाली, “तुह्या लग्नात नेसायला होतील. मले काय करायच्या आता?” अपेक्षा खुश झाली. आशाबाई मात्र घडीकडे बघून क्षणभर थांबल्या, आणि मग भाजी चिरायला निघून गेल्या.

मार्चमध्ये, अकोल्याला जायच्या आदल्या सकाळी, दामिनीनं वाटीतल्या दोन गोळ्या जिभेवर ठेवल्या आणि तेवढ्यात अपेक्षानं अंगणातून हाक मारली.

“काकू, ह्या ब्लाउजची बाही पाय ना, तोकडी झाली का?”

दामिनी तशीच बाहेर गेली. पाण्याचा पेला आतच राहिला. बाही बघून, बोटानं मापून, “अर्धा इंच सोडावं लागते,” असं ती म्हणाली, आणि मग थांबली.

तोंड गोड झालं होतं.

आधी हिंगाचा वास, आणि त्यामागून गोड. गुळाची नाही, साखरेचीही नाही, एक ओशट, मागे रेंगाळणारी गोडी. बारा वर्षांत तिनं कडू औषध खाल्लं होतं, तुरट खाल्लं होतं, बेचव खाल्लं होतं. गोड कधी लागलं नव्हतं.

ती घरात आली. ओट्याजवळ चंद्रभान भाऊजी, आशाबाईंचे मालक, चहा घेत बसले होते. त्यांना मधुमेह. त्यांच्या चहासाठी साखरेऐवजीच्या गोळ्यांची एक पांढरी चपटी डबी होती. वरची कळ दाबली की टिक करून एक बारीक गोळी कपात पडायची. ते टिक टिक करून दोन टाकायचे. त्या दिवशी चहा संपवून ते उठले आणि डबी तिथेच राहिली. दामिनीनं ती उचलली. तळहातावर कळ दाबली. टिक.

जिभेवर ठेवली.

तीच.

ती ओट्याला धरून उभी राहिली. आधी राग आला नाही, आधी आलं ते हसू, एकदम कोरडं. डॉक्टरांनी एकाच्या दोन केल्या तेव्हा आशाबाईंनीही इमानदारीनं दोन काढायला सुरुवात केली होती! वाटी समोर ठेवून, ती गिळेपर्यंत उभ्या राहून, “घे वं माय, वेळेवर घेत जा” म्हणत. दोन महिने. ज्या हातानं तिच्या ताटातला भात कालवला होता, त्याच हातानं. दोन महिने ती स्वतःला दुरुस्त न होणारं सामान समजत होती, साड्या वाटत होती, आणि हे त्या बाईला दिसत होतं. घडी केलेल्या साड्यांपुढे ती थांबली होती. थांबून भाजी चिरायला गेली होती.

परक्यानं केलं असतं तर शिवी घालता आली असती.

रात्रीची गोळी घेऊन झाल्यावर हिंगाची डबी दामिनीनं आपल्या पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी आशाबाई थांब्यापर्यंत लंगडत आल्या, गाडीत बसल्यावर बऱ्या झाल्या, आणि दामिनीला नेहमीसारखी खिडकी दिली. मूर्तिजापूरला संत्रेवाली चढली. आशाबाईंनी चार संत्री घेतली, एक सोललं, शिरा काढल्या, बिया काढल्या आणि एकेक फोड दामिनीच्या हातावर ठेवू लागल्या. लहान पोराला द्यावी तशी.

“गोड हाये का वं?”

“गोडच हाये,” दामिनी म्हणाली. “तुमच्या हातचं सगळंच गोड.”

आशाबाईंचा हात फोडीवर थांबला. पण त्यांनी वर पाहिलं नाही. गाडी अकोल्यात शिरेपर्यंत मग त्यांनी अपेक्षाच्या लग्नाच्या मांडवाबद्दल एकसारखी बडबड केली.

माधवी मॅडमनी फाईल उघडली, नऊपैकी आठ प्रश्न विचारले, बेरीज केली आणि पेनाचं टोपण चावलं.

“काहीच फरक नाही, ताई. उलट दोन मार्कांनी वाढलंय. डॉक्टर आता औषध बदलायचं म्हणतील. गोळ्या रोज घेता ना? चुकत नाही ना?”

“एकबी नाई चुकली,” आशाबाई म्हणाल्या. “मी सोता देतो.”

दामिनीनं पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. खोलीभर हिंगाचा वास झाला.

“मॅडम, औषध बदलू नका. बारीकवाली एक चाखून पाहा.”

“चाखू?”

“काई होत नाई. आमचे भाऊजी रोज चहात टाकतात.”

मॅडमनी एक गोळी बोटावर घेतली, उलटसुलट केली, दिव्याकडे धरली. चाखायची गरज पडली नाही. त्यांनी आशाबाईंकडे पाहिलं.

“काहून वो बाई?” दामिनीनं विचारलं. आवाज चढला नाही. चढला असता तर आशाबाईंना सोपं गेलं असतं. “त्या गोळ्या कुठी गेल्या?”

“फेकल्या नाई मी,” आशाबाई म्हणाल्या. पहिलं वाक्य हेच निघालं. “औषध फेकत नसते कोनी. महाराजाच्या फोटोमागं ठेवल्या हायेत, फडक्यात बांधून. एकन् एक हाये.”

“काहून?”

“मी शपथ घेतली ना वं त्याईच्यासमोर! डोक्याच्या गोळ्या खानारं घरात कोनी नाई म्हनून. तोंडातून निघून गेलं. मंग रातभर मले झोप नाई. महाराजाचं नाव घेऊन खोटं बोलली, आता पोरीच्या संसाराले लागीन ते. मंग म्हनलं, गोळीच बंद केली त शपथ खोटी कशी राह्यते? गोळी नाई, त बिमारी नाई. खरंच झालं ना ते? पाय, गुडघ्याचंबी असंच खरं झालं.” त्यांनी पदराचा बोळा केला, सोडला, पुन्हा केला. “आन् नुसतं बंद केलं असतं त तू इचारलं असतं. म्हनून ते गोड. त्यानं अपाय नाई होत, मी तुह्या भाऊजीच्या डॉक्टरले इचारून घेतलं होतं.”

“चौकशी केली,” दामिनी म्हणाली. “बरं केलं.”

“ह्या रोगाचं कोनी इचारलं असतं त मी ह्याचंबी खोटं बोलली असती. बारा वर्सं बोलूनच राह्यली. पन रक्तातलं रक्तात राह्यते वं. डोक्याचं घराले लागते. लोक म्हनतात, पोरीतबी उतरलं असन.”

“अपेक्षा माझ्या पोटची हाये का वो बाई? माझ्यातलं तिच्यात कसं उतरन?”

हे आशाबाईंच्या डोक्यात आलंच नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. इतकी वर्षं एका ताटात जेवल्यावर वेगळं रक्त आठवायचं त्यांना राहूनच गेलं असावं. दामिनीला त्या क्षणी त्यांची कीव आली आणि स्वतःची त्याहून जास्त, कारण कीव आली तरी राग जागचा हलला नाही.

“आशाबाई,” माधवी मॅडम हळू म्हणाल्या, “तुम्ही जरा बाहेर बसता का? एक प्रश्न राहिलाय.”

आशाबाई उठायला लागल्या. दामिनीनं त्यांचं मनगट धरलं.

“नाई मॅडम. बसू द्या त्याईले. दोन महिने माझ्या जागी त्याच बोलल्या. आज आयकतीन.”

मॅडमनी फाईलची मागची पानं उलटली. दामिनीला तिथे बसून दिसलं: जानेवारीच्या कागदावर नवव्या प्रश्नापुढे शून्य होतं, फेब्रुवारीच्याही. आणि दोन्ही शून्यांच्या शेजारी पेन्सिलनं एक बारीक प्रश्नचिन्ह. म्हणजे कोणाला तरी पटलं नव्हतं. कोणीतरी वाट पाहत होतं.

“नववा,” मॅडम म्हणाल्या. “यापेक्षा मेलेलं बरं, असं मनात येतं का?”

आशाबाईंचं तोंड सवयीनं उघडलं. “छ—” एवढं निघालंही. मनगटावरची दामिनीची बोटं घट्ट झाली आणि बाकीचा शब्द आतच राहिला.

दामिनीनं मॅडमकडे पाहिलं नाही. तिनं आशाबाईंकडे पाहिलं.

“हो,” ती म्हणाली. “मले मरावंसं वाटते, बाई. दिवाळीपासून. रोज.”